एका चौकोनातून अख्खं कापड: रिपीट डिझाइनचा प्रीव्ह्यू आपोआप कसा तयार करायचा

डिझाइन काढणारा एक चौकोन काढतो आणि घेणारा मीटरभर कापड बघतो. कापडावर जे बिघडतं ते त्या चौकोनात बहुतेक वेळा दिसतच नाही. पळसाचं फूल चौकोनाच्या मधोमध झोकात बसलेलं असतं, रंग जमलेले असतात. तोच चौकोन कापडावर पुन्हा पुन्हा शेजारी शेजारी आला, म्हणजे रिपीट झाला, की फुलांच्या सरळ रांगा पडतात, मधल्या मोकळ्या जागेचे पट्टे दिसू लागतात, कडेचं एखादं पान अर्ध्यात कापलं जातं. डिजिटल छपाई मीटरवर होते, त्यामुळे चौकोनातली एक चूक थानभर जाते.

म्हणून हे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की चौकोन एकटा बघू नका, काम चालू असताना सारखा पसरलेला बघा. पण त्यासाठी दर वेळी दहा-पंधरा क्लिक करावे लागले तर माणूस कंटाळतो आणि बघणं सोडून देतो. ते क्लिक कॉम्प्युटरकडून करून घ्यायचे.

आमच्या भागात, भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत, बचत गटांच्या कापडी पिशव्या, उशांचे अभ्रे, पोळ्यासाठी बैलाच्या झुली असं काम गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊ लागलंय. एमएस-सीआयटी झालेली, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारी मुलंमुलीच ते करतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. माऊस धरता येतो आणि लेयर म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं मी धरून चाललोय.

आधी माप ठरवा

ही पायरी सगळ्यांना रटाळ वाटते, पण पुढचं सगळं ऑटोमेशन हिच्यावर उभं आहे. तुमचा चौकोन, ज्याला टाइल म्हणतात, कायम एकाच मापाचा ठेवा. मी १६ बाय १६ सेंटिमीटर घेतो. मोठ्या रोटरी छपाईत, म्हणजे फिरत्या नळकांड्याने होणाऱ्या छपाईत, ६४ सेंटिमीटर घेराचा स्क्रीन सर्रास वापरतात आणि १६ त्यात बरोबर चार वेळा बसतो. उद्या काम मोठ्या छपाईकडे गेलं तरी डिझाइन मोडावं लागत नाही.

नवीन फाइल करताना रिझोल्यूशनच्या खान्यात ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) टाकायची सवय सगळ्यांना असते. इथे ती सोडा. ३०० ला १६ सेंटिमीटरचे १८८९.७६ पिक्सेल होतात, आणि पिक्सेल अपूर्णांकात असू शकत नाही. सॉफ्टवेअर आकडा पूर्ण करून घेतं आणि तुमचं माप केसाएवढं चुकतं. त्याऐवजी एकक बदलून 'पिक्सेल पर सेंटिमीटर' निवडा आणि १०० लिहा. म्हणजे २५४ पीपीआय होतात, कापडाला पुरेसे आहेत, आणि हिशेब तोंडी जमतो: १६ सेंटिमीटर म्हणजे १६०० पिक्सेल, त्याचे अर्धे ८००.

सगळ्यात खालच्या बॅकग्राउंड लेयरवर कापडाच्या जमिनीचा रंग पूर्ण भरा. फुलं-पानं त्याच्या वर वेगळ्या लेयरवर. जमीन पारदर्शक सोडली तर पसरल्यावर सांध्यावर बारीक रेघ येते. शिवाय खालच्या ॲक्शनला, म्हणजे फोटोशॉपमध्ये एकदा रेकॉर्ड करून एका बटणावर पुन्हा चालवायच्या पायऱ्यांना, ही मांडणी लागते.

सॉफ्टवेअर कोणतं

नव्याने शिकणाऱ्याने काढण्यासाठी क्रिता घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट आहे, साध्या मशीनवर चालतं, आणि त्यात डब्ल्यू दाबलं की तुमचा चौकोन पडद्यावर चारही दिशांना पसरतो. त्याला रॅप अराउंड मोड म्हणतात. उजव्या कडेबाहेर नेलेली रेघ डाव्या कडेतून आत येते. काढतानाच कापड दिसत असतं, प्रीव्ह्यू वेगळा करायचा प्रश्नच नाही. फाइल मात्र एका टाइलचीच राहते. साध्या पेंट लेयरवरच काढा, व्हेक्टर लेयरवरच्या आकारांना ही सोय नीट लागू होत नाही.

मग फोटोशॉप कशाला? क्रितात दिसतो तो सरळ रिपीट: टाइलशेजारी टाइल, टाइलखाली टाइल. कापडाला बऱ्याचदा हाफ-ड्रॉप लागतो, म्हणजे प्रत्येक दुसरा उभा रकाना अर्ध्या टाइलने खाली घसरलेला. त्यामुळे फुलांच्या आडव्या रांगा मोडतात. हाफ-ड्रॉप दाखवायचा असेल, किंवा गटाच्या बैठकीत सात-आठ डिझाइनचे नमुने एकदम ठेवायचे असतील, तर फोटोशॉपच्या ॲक्शनने काम लवकर उरकतं.

गिंप या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ॲक्शन रेकॉर्ड करायची सोय नाही. पण कंट्रोल-डीने फाइलची नक्कल करून ती फ्लॅटन करा, म्हणजे सगळे लेयर एक करा, मग फिल्टर्स – मॅप – टाइल मध्ये ४८०० बाय ४८०० लिहा आणि नवीन इमेज बनवायच्या चौकटीत खूण करा. तीन बाय तीनचा प्रीव्ह्यू मिळतो. सरळ रिपीटपुरतं तेवढं पुरे.

पहिली ॲक्शन: सांधा तपासणं

एडिट – प्रेफरन्सेस मध्ये रूलरचं एकक पिक्सेल करून घ्या. ऑल्ट-एफ९ दाबून ॲक्शनचं पॅनल उघडा, 'रिपीट' नावाचा नवा सेट करा. त्यात नवी ॲक्शन करा, नाव 'सांधा', फंक्शन की एफ२, आणि रेकॉर्ड दाबा.

आता फुला-पानांच्या लेयरवर उभे राहून फिल्टर – अदर – ऑफसेट उघडा. आडवे ८००, उभे ८००, खाली 'रॅप अराउंड' निवडा, ओके. पॅनलवरचं स्टॉपचं चौकोनी बटण दाबा. झालं.

एफ२ दाबलं की चौकोनाच्या चारही कडा मधोमध येतात. तिथे कापलेली पानं, तुटलेले देठ, रिकामी जागा स्पष्ट दिसते. ते जोडून काढा आणि पुन्हा एफ२ दाबा, सगळं मूळ जागी जातं. १६०० चं माप कायम ठेवल्याचा हा पहिला फायदा, कारण ऑफसेटला टक्के कळत नाहीत, तो रेकॉर्ड केलेले ८०० पिक्सेलच सरकवतो. मोटिफ, म्हणजे फूल-पान अशा आकृत्या, एकापेक्षा जास्त लेयरवर असतील तर प्रत्येकावर एफ२ चालवा.

दुसरी ॲक्शन: तीन बाय तीन

ही सगळ्यांत उपयोगाची, त्यामुळे सावकाश करा. आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत अजून फोटोशॉप ७.० असतं. २००२ सालचं असलं तरी ही ॲक्शन त्यात चालते.

नवी ॲक्शन, नाव 'तीन बाय तीन', एफ३, रेकॉर्ड. आधी इमेज – डुप्लिकेट, म्हणजे पुढचं सगळं नकलेवर होईल आणि मूळ फाइलला धक्का लागणार नाही. लेयर – फ्लॅटन इमेज. मग लेयर – न्यू – लेयर फ्रॉम बॅकग्राउंड. ही पायरी विसरली तर पुढे कॅनव्हास वाढवताना रिकाम्या जागेत बॅकग्राउंडचा रंग भरला जातो आणि तो सगळ्या टाइलना चिकटून येतो.

आता इमेज – कॅनव्हास साइझ. एकक टक्के करा, रुंदी ३००, उंची ३००, आणि नऊ घरांच्या छोट्या चौकटीत डावीकडचं वरचं घर निवडा. तुमची टाइल वरच्या डाव्या कोपऱ्यात राहते, बाकी आठ घरं रिकामी.

कंट्रोल-जेने लेयरची नक्कल करा, कंट्रोल-टी दाबा. वरच्या पट्टीत एक्स आणि वायच्या मधे छोटा त्रिकोण असतो, तो दाबून ठेवा. त्याने आकडा 'आहे तिथून इतकं सरकव' असा घेतला जातो. एक्समध्ये १६०० लिहून एंटर. पुन्हा कंट्रोल-जे, कंट्रोल-टी, एक्स १६००, एंटर. एक रांग झाली. कंट्रोल-ई दोनदा दाबून तिचा एकच लेयर करा. मग तीच रांग कंट्रोल-जे करून वायमध्ये १६०० ने खाली, आणि परत एकदा खाली. शेवटी फ्लॅटन. स्टॉप.

यापुढे कुठल्याही टाइलवर एफ३ दाबलं की पसरलेलं कापड नव्या खिडकीत उभं. बघा, बंद करा, पुढे काढत राहा.

एडिट – डिफाइन पॅटर्न करून मोठ्या फाइलमध्ये पॅटर्न भरायचा मार्ग तुम्हाला कोणीतरी दाखवलेला असेल. हाताने करायला तो चांगला आहे, ॲक्शनमध्ये मात्र फसतो. फिलची पायरी रेकॉर्ड होताना त्या पॅटर्नची ओळखही त्यात रेकॉर्ड होते, त्यामुळे पुढच्या टाइलवर ॲक्शन चालवली तरी भरला जातो पहिलाच पॅटर्न. वरची नक्कल-सरकव पद्धत लांबलचक वाटते, पण समोर असेल तीच टाइल पसरवते.

हाफ-ड्रॉपसाठी एफ४

सुरुवात तशीच: डुप्लिकेट, फ्लॅटन, लेयर फ्रॉम बॅकग्राउंड. मग कॅनव्हासची फक्त रुंदी २०० टक्के, उंची १०० टक्के, डावं मधलं घर. कंट्रोल-जे. या नकलेवर ऑफसेट: आडवे ०, उभे ८००, रॅप अराउंड. मग कंट्रोल-टीने एक्समध्ये १६०० सरकवा, आणि कंट्रोल-ई. हा ३२०० बाय १६०० चा तुकडा जपून ठेवण्यासारखा आहे. छपाईवाला म्हणाला की 'आमच्याकडे फक्त सरळ रिपीट होतो', तर त्याला हाच द्या. तो सरळ लावला तरी कापडावर हाफ-ड्रॉपच उमटतो. पुढे कॅनव्हास दोन्हीकडे २०० टक्के, वरचं डावं घर, एक नक्कल ३२०० ने उजवीकडे, एकत्र करून पुन्हा नक्कल १६०० ने खाली, फ्लॅटन, स्टॉप.

नवीन फोटोशॉप असेल तर

फोटोशॉपच्या २०२१ च्या आवृत्तीपासून व्ह्यू मेनूत पॅटर्न प्रीव्ह्यू आहे. क्रितासारखंच, काढता काढता पसरलेलं दिसतं, तेही सरळ रिपीटमध्येच.

हाफ-ड्रॉप जागच्या जागी बदलताना बघायचा असेल तर लिंक केलेला स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे मूळ फाइलशी जोडलेला लेयर, वापरा. ही सोय २०१४ च्या सीसी आवृत्तीपासून आहे. ४८०० बाय ४८०० ची नवी फाइल करा, रिझोल्यूशन तेच, १०० पिक्सेल पर सेंटिमीटर. वेगळं ठेवलं तर टाइल आत येताना लहानमोठी होते. फाइल – प्लेस लिंक्डने टाइलची फाइल आणा, डाव्या कोपऱ्यात बसवा, आणि कंट्रोल-जेने नकला करून मांडा: पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात तीन-तीन, मधल्या रकान्यात चार, त्यातली पहिली ८०० पिक्सेल वर सरकवलेली. एकूण दहा.

विंडो – अरेंज मधून दोन्ही फाइली शेजारी लावा. टाइलमध्ये एक देठ बदला, कंट्रोल-एस दाबा, आणि शेजारच्या खिडकीत दहाही ठिकाणी देठ बदललेला दिसेल. प्रीव्ह्यू बंद असताना टाइल बदलली असेल तर उघडल्यावर लेयरवर पिवळी खूण येते. तेव्हा लेयर – स्मार्ट ऑब्जेक्ट्स मधून सगळे अपडेट करून घ्या.

आणि वीज. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. प्रेफरन्सेस – फाइल हँडलिंग मध्ये ऑटो सेव्ह दहा मिनिटांवर असतं, ते पाचवर आणा.

अख्खं फोल्डर एकदम

डिझाइन तयार झाली, आता सगळ्यांचे नमुने हवेत. 'तीन बाय तीन' ॲक्शन ओढून नव्या ॲक्शनच्या चिन्हावर सोडा, तिची नक्कल होते. नकलेतून डुप्लिकेटची पायरी काढून टाका, नाहीतर बॅच, म्हणजे सगळ्या फाइलींवर ॲक्शन एकदम, चालताना मूळ फाइली उघड्याच राहतात. शेवटी दोन पायऱ्या जोडा: इमेज साइझने १८०० पिक्सेल, आणि सेव्ह ॲज जेपीईजी.

मग फाइल – ऑटोमेट – बॅच. सोर्समध्ये टाइलचं फोल्डर, डेस्टिनेशनमध्ये दुसरं, रिकामं फोल्डर. तिथे 'सेव्ह अँड क्लोज' असाही पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका, तो मूळ टाइलच्या फाइलवरच सेव्ह करतो आणि टाइल जाते. फोल्डर निवडा आणि 'ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज' वर खूण करा. नावात मूळ नाव आणि पुढे 'नमुना' जोडा. आत फक्त पीएसडी फाइली ठेवा. एकच लेयर असलेल्या पीएनजीवर फ्लॅटनची पायरी अडते. लपवलेले लेयर असतील तर आधीच काढा, त्यांच्यासाठी फोटोशॉप मधेच थांबून विचारत बसतं.

प्रीव्ह्यूत काय बघायचं

इथे घाई करू नका. प्रीव्ह्यू तयार होणं हे मशीनचं काम होतं, बघणं तुमचं आहे.

पहिली गोष्ट, रेघ. मोहाडीकडच्या एका गटाच्या ताई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "भाऊ, हे रेघ कायची आहे जी? कापडावर बी येईल का?" त्यांची नजर बरोबर होती. अशी रेघ दिसली की आधी झूम १०० टक्के करा. ३३ किंवा ६६ टक्क्यांवर फोटोशॉप पिक्सेल चेपून दाखवतं आणि सांध्यावर नसलेली रेघ उमटते. १०० वर नाहीशी झाली तर कापडावर येणार नाही. राहिली तर टाइलच्या कडेला अर्धवट पारदर्शक पिक्सेल आहेत, किंवा जमिनीला छटा दिली आहे आणि ती एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला फिकी आहे. त्या ताईंच्या कामात जमिनीवर हळदी रंगाची हलकी छटा होती, ती सपाट केल्यावर रेघ गेली.

दुसरी, पट्टे. झूम २५ टक्क्यांवर आणा, खुर्ची मागे सरकवा आणि डोळे किलकिले करून बघा. फुलं दिसेनाशी होतात, गडद-फिकट तेवढं उरतं. त्यात आडवी, उभी किंवा तिरपी वाट दिसली तर कापडावर लोकांना फुलांआधी तीच वाट दिसणार. पळसाच्या फुलाचा देठाकडचा पेला काळपट, मखमली असतो. सगळ्या फुलांचे पेले एकाच दिशेला ठेवले की काळ्या ठिपक्यांची रांग तयार होते. दोन-तीन फुलं फिरवा, एखादं लहान करा, एखादी कळी रिकाम्या वाटेत टाका, आणि परत एफ३. एखादंच मोटिफ फार ठसठशीत असेल तर तेही दर १६ सेंटिमीटरला डोळ्यात भरतं. कापडी पिशवीची रुंदी ३५ सेंटिमीटर धरली तर तिच्यावर आडवे दोनच रिपीट पूर्ण बसतात, म्हणजे ते मोटिफ दोनदा शेजारी शेजारी दिसणारच. पिशवीसाठी १६ ऐवजी ८ सेंटिमीटरचा रिपीट बरा का, हे प्रीव्ह्यूवर पिशवीचा चौकोन आखून ठरवा.

तिसरी, काठ. काठ एकाच दिशेने पुढे जातो, त्यामुळे तिथे उभा रिपीट बघायची गरज नाही. पण दात्यांचा हिशेब पूर्णांकात यायला हवा. करवतीसारखे दाते काढताय आणि एक दाता २ सेंटिमीटरचा आहे, तर १६ मध्ये आठ बसतात, सांधा सापडत नाही. ३ सेंटिमीटरचा घेतला तर पाच पूर्ण आणि सहाव्याचा तुकडा, आणि दर १६ सेंटिमीटरला एक मोडका दाता. ते बघितल्यावर कोणीही कापड परत करेल.

दात्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. करवत काठी ही विदर्भातली हातमागावरची विणकाम पद्धत आहे, कोशाच्या साडीचा तो काठ विणून येतो, आणि त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. आंधळगावसारख्या गावांत विणकरांची घरं त्यावर चालतात. दात्यांची नक्षी पिशवीवर छापा, पण त्या कापडाला 'करवत काठी' म्हणून विकू नका आणि गिऱ्हाइकालाही तसं म्हणू देऊ नका.

पाठवताना

गटाला नमुने व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की तो चेपला जातो, बारीक नक्षी चिकटते आणि गटातल्या बाया योग्य डिझाइनलाही नको म्हणतात. बैठक असेल तर एक नमुना ए-फोर कागदावर खऱ्या मापात छापून न्या. २१ सेंटिमीटरच्या रुंदीत एक पूर्ण रिपीट आणि थोडा पुढचा बसतो. प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' काढून टाका, नाहीतर माप बदलतं. तो कागद शिवलेल्या पिशवीवर धरून दाखवला की फुलं मोठी वाटतात की छोटी, ते बाया लगेच सांगतात.

छपाईवाल्याला टाइल पाठवा, प्रीव्ह्यू फक्त सोबत संदर्भाला. फाइलच्या नावातच माप आणि रिपीटचा प्रकार लिहा, उदाहरणार्थ 'पळस, १६ बाय १६, हाफ-ड्रॉप'. आणि थानाची ऑर्डर देण्याआधी एक मीटर छापून मागवा. तो मीटर आला की एफ४ चा प्रीव्ह्यू पडद्यावर उघडा आणि कापड शेजारी धरून सांधे जुळवून बघा.